बारा जणींचा गट, अकरा वाणं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

ताया, काकू, मावश्या, ज्या कोणी रेडिओ लावून भाकरी थापत असाल, निंदायला जाता जाता मोबाइलवर ऐकत असाल, त्या सगळ्यांना नमस्कार.

मी डोणगावची. मेहकर तालुक्यातलं डोणगाव, आपला बुलढाणा जिल्हा. घरी सोयाबीन आणि तूर, दोन म्हशी, आणि नऊ वर्षांपासून बचत गटाची सचिव. मला इथं बोलवलं तेव्हा विषय दिला होता, ‘बाईनं स्वतःला कसं घडवावं’. म्हटलं ठीक आहे, हे तर आपल्याला पाठच आहे. गटात आल्यापासून किती प्रशिक्षणं झाली असतील आपली! सही शिकलो, बँकेत जायला शिकलो, माईक हातात धरायला शिकलो. मी तर मोबाइलवरून पैसे पाठवायलासुद्धा शिकले, आणि ते माझ्या मालकाला अजून येत नाही. प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, आधी स्वतःत बदल करा. मलाही वाटायचं की मी बदलले. चांगलीच बदलले.

पण एका संक्रांतीला माझी परीक्षा झाली आणि मी नापास झाले. ते आज सांगते. दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही, माझी चूक आहे तेवढी माझ्या नावावर.

आमचा गट बारा जणींचा. त्यातल्या एका मैत्रिणीचा नवरा दिवाळी झाल्यावर गेला. रात्री छातीत दुखायला लागलं, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. वय बेचाळीस. तिची मुलगी नववीला, मुलगा सहावीला. आम्ही सगळ्या गेलो, रडलो, तेरवीपर्यंत आळीपाळीनं तिच्या घरी स्वयंपाक पोचवला. तिथपर्यंत आम्ही चुकलो नाही.

मग जानेवारी आला. दहा तारखेला गटाचा हप्ता असतो. तिनं गटातून अंतर्गत कर्ज घेतलेलं होतं, पेरणीच्या वेळेला. ती बैठकीला आली नाही, म्हणून मी तिच्या दारात गेले. तिनं आत बोलावलं, ज्वारीच्या कोठीमागून पुरचुंडी काढली आणि पैसे मोजून दिले. मी वहीत लिहिलं. चहा प्यायले आणि आले.

बारा तारखेला आम्ही जीप करून सिंदखेडराजाला गेलो. जिजाऊंचा जन्मदिवस. दरवर्षी जातो, तुमच्यातल्याही कितीतरी जणी जात असतील. लखुजी जाधवांचा तो वाडा पाहिला, दर्शन घेतलं, फोटो काढले.

तेरा तारखेला बाजारातून गटाच्या हळदी-कुंकवाचं वाण आणलं. त्या वर्षी चहाच्या गाळण्या घ्यायचं ठरलं होतं, स्टीलच्या. माझ्या हातात यादी होती अकरा जणींची. बारावं नाव मी लिहिलंच नव्हतं. कोणी ‘लिहू नको’ म्हणालं नव्हतं, माझा हातच तिथं थांबला. दुकानदार म्हणाला, “बाई, डझन घ्या, डझनावर भाव कमी आहे.” मग मी बारा घेतल्या. अकरा वाटल्या, एक उरली. ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली.

फेब्रुवारीच्या हप्त्याला ती स्वतः माझ्या घरी आली. मी चहा ठेवला. तिची नजर त्या गाळणीवर गेली. किमतीची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली होती. तिनं विचारलं, “ही माझी होती का वं?”

मला काही बोलता आलं नाही. ती पुढं काही म्हणाली नाही, रागावली नाही, रडली नाही. पैसे दिले, वहीवर सही केली, चहा पिऊन गेली. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. हप्ता घ्यायला मी तिच्या दारात गेले होते. तेव्हा मला तिच्या कपाळाचं काही वाटलं नाही. तिच्या पैशाला विटाळ नव्हता. वाणाच्या वेळेला मात्र ती आमची राहिली नाही.

आणि बारा तारखेला मी कोणापुढं हात जोडून आले होते? शहाजीराजे 1664 च्या जानेवारीत गेले. जिजाऊ 17 जून 1674 ला पाचाडला गेल्या. म्हणजे शेवटची दहा वर्षं जिजाऊ विधवा होत्या. मुलगा आग्र्याला अडकला तेव्हा घर त्यांनीच सांभाळलं, आणि 6 जूनचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या दिवशी रायगडावर कोणी त्यांना म्हटलं असेल का, की आईसाहेब, तुम्ही जरा मागं बसा? दोन दिवस आधी मी त्याच माऊलीच्या गावी जाऊन आले होते, आणि यादीतून बाराव्या बाईचं नाव गाळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक काम केलं. गटातल्या एकेकीच्या घरी गेले, कधी दुधाच्या निमित्तानं, कधी वहीच्या. सगळ्यांना एकच विचारलं, “तिला बोलावलं असतं तर तुझी हरकत होती का?” काय उत्तर आलं माहीत आहे? पहिली म्हणाली, “माझी कायची हरकत, पण बाकीच्या काय म्हणतील?” दुसरी म्हणाली, “मी तर वाटच पाहत होते तिची, पण तुम्हीच बोलावलं नाही.” तिसरी म्हणाली, “माझं काही नाही बाई, सासूबाईंना चाललं नसतं.” मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आता कोण पाळतं हे? पण तुम्ही सुनांनीच काही ठरवलं नाही.”

ऐका, बारा जणींच्या गटात मी धरून नऊ जणींची हरकतच नव्हती. नऊही जणी एकमेकींना घाबरून बसल्या होत्या. आमच्या गटात दोघी बौद्ध आहेत. त्या तिळगूळ घ्यायला येतात, कुंकवाचं त्यांच्याकडं फारसं काही नसतं. त्यातली एक म्हणाली, “ताई, आम्हाला वाटलं तुमच्यात ते चालत नाही, आपण कसं बोलावं.” म्हणजे ज्यांच्या घरी ही रीत नाही, त्यांनीसुद्धा आमच्या भीतीला मान दिला.

आपण उठता-बसता म्हणतो, लोक काय म्हणतील. मी ते लोक शोधायला निघाले होते. घरोघरी फिरले आणि शेवटी माझ्याच घरी येऊन पोचले.

खोटं बोलणार नाही, एका काकूंची खरीच हरकत होती. त्यांच्या नातवाचं नवं लग्न झालेलं, नवी सून घरात. त्या म्हणाल्या, “मला भीती वाटते. तू हस मला, पण वाटते.” मी हसले नाही. काकूंची स्वतःची आई विसाव्या वर्षी विधवा झालेली. ती पुढं चाळीस वर्षं मागच्या दारानंच घरात आली-गेली. ज्यांनी लहानपणी हे पाहिलं, त्यांच्या पोटात भीती बसते. ती एका बैठकीत निघत नाही.

आता थोडं मागच्या काळात जाऊ, कारण ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि आपल्याला शाळेत कोणी धड सांगितली नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. जन्म 1850 चा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले होते. मुलींच्या शाळा सापडायच्या नाहीत अशा काळात त्यांनी लेकीला घरी शिकवलं. आणि या लेकीनं 1882 साली एक पुस्तक लिहिलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. पुण्याला छापलं, किंमत नऊ आणे.

त्याला कारण झालं होतं सुरतेचं एक प्रकरण. विजयलक्ष्मी नावाची एक तरुण विधवा होती. तिला दिवस गेले. लोकलाजेच्या भीतीनं तिनं जन्मलेलं मूल मारलं, आणि 1881 मध्ये कोर्टानं तिला फाशी सुनावली. पुढं फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली की हल्ली बायका कशा बिघडल्या आहेत. ताराबाईंना त्याचाच संताप आला. मुलाचा बाप कोण, त्याला कोणी काही विचारलं का? विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही ही रीत कोणी घातली? दोष बाईचेच का मोजायचे, पुरुषाचे का नाही? हे त्यांनी बुलढाण्यात बसून विचारलं. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. मग ते पुस्तक विसरलं गेलं, ते थेट 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांना परत कळलं. मधली नव्वद वर्षं आपल्या जिल्ह्याच्या या बाईचं नाव आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतं.

ताराबाईंनी बोट पुरुषांकडं दाखवलं आणि ते योग्यच होतं. माझ्या गोष्टीत मात्र यादी कोणा पुरुषानं केली नव्हती. ती माझ्या अक्षरात होती.

तुम्ही म्हणाल, एका गाळणीचं एवढं काय घेऊन बसलीस? मीही मनाला तसंच समजावत होते. पण गोष्ट गाळणीपुरती राहत नाही. नवरा गेल्यावर बाईनं सवा महिना उंबरा ओलांडायचा नाही, वर्षभर कुठं जायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, असं आपण धरतो. सरकारी कागद मात्र सवा महिना थांबत नाहीत. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायची तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं कळवायचं असतं. पीएम जीवन ज्योतीचा विमा असतो, ज्याचे वर्षाला 436 रुपये नवऱ्याच्या खात्यातून कापले जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्याचे दोन लाख मिळतात, पण मागायला जावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला, तर कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार तहसीलमधून मिळतात. संजय गांधी निराधारचा अर्ज वेगळा. एवढ्या सगळ्या ठिकाणी कोण जाणार? बाई घरात बसलेली, म्हणून दीर जातो, चुलत सासरा जातो. बरेचदा चांगल्या मनानंच जातो. पण कधीकधी त्या कागदांच्या चळतीत एक हक्कसोडपत्रही असतं.

आमच्या मैत्रिणीपुढं तसा कागद आला होता. “इथं सही कर, नोंदीला लागते.” तिला सही येत होती, गटानंच शिकवली होती. पण वाचून सही करायची, हे आम्ही शिकवलं होतं का? तिची नववीतली पोरगी तिथं बसलेली होती. तिनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, “आई, यात तर तू वावर सोडलं असं लिहिलंय.” पोरीमुळं वाचलं. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीत बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा हक्क असतो. हा कायदा 1956 चा आहे, काही नवीन नाही. आता त्या सातबाऱ्यावर चौघांची नावं आहेत. 436 रुपयांची कपात पासबुकात सापडली ती मार्च महिन्यात, तीही त्या पोरीलाच. अर्ज उशिरा गेला, पण पैसे आले. त्यातून पहिलं काम तिनं काय केलं असेल? गटाचं कर्ज फेडलं.

जानेवारीत आम्ही तिला हाक मारली असती, ती आमच्यात येऊन बसली असती, तर बोलता बोलता कोणीतरी विचारलंच असतं, पासबुक पाहिलं का, तलाठ्याकडं गेलीस का. बाईला माहिती मिळते ती अशीच चार बायांत बसून. तिथूनच तिला उठवलं की तिचं सगळंच बंद होतं.

तुम्ही कोल्हापूरकडच्या हेरवाडचं नाव ऐकलं असेल. शिरोळ तालुक्यातलं गाव. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं होत होती, त्या 2022 सालच्या मे महिन्याच्या चार तारखेला त्यांच्या ग्रामसभेनं ठराव केला: गावात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. मग 17 मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं, तुम्हीही असं करा. चांगलंच झालं. पण माझं आपलं एक मत आहे. ग्रामसभेचा ठराव फलकावर लागतो, आणि हळदी-कुंकवाची यादी होते आपल्या ओट्यावर. तिथं सरपंच येत नाही.

म्हणून आम्ही चैत्रात गटाची बैठक घेतली, तिलाही बोलावलं. मी आधी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, “सोडा आता.” मग मी उत्साहात आले. म्हटलं, पुढच्या संक्रांतीला तुझ्या हातून दीप लावू, तुझा सत्कार करू, पेपरात फोटो देऊ. तिनं मला मध्येच थांबवलं. “ताई, मला स्टेजवर नका चढवू. मी काही पराक्रम केला नाही, माझा माणूस गेला. मला फक्त जशी पहिले बोलवत होत्या तशी बोलवा.”

हे मला कोणत्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. आधी मी तिला गाळून टाकलं, आणि आता स्वतःला सुधारलेली दाखवायला तिला मिरवायला निघाले होते. दोन्ही वेळेला तिला विचारलं नव्हतं.

मग ठरावाच्या वहीत आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. गटातल्या कोणाचा माणूस गेला, तर पहिल्या आठवड्यात दोघींनी जाऊन घरातली पासबुकं आणि कागद तिच्यासोबत पाहायचे, आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा. निमंत्रण सगळ्यांना जाणार. यायचं की नाही, कुंकू लावायचं की नाही, ते तिनं ठरवायचं, तिच्या सासूनंही नाही आणि आम्हीही नाही. आणि तीन महिने तिच्या कर्जाचा हप्ता थांबवायचा, त्या दिवसांचं व्याज नाही.

गंमत ऐका. कुंकवाच्या मुद्द्यावर भांडण होईल म्हणून मी घाबरले होते, तिथं दहा मिनिटांत सगळ्या हो म्हणाल्या. भांडण झालं ते व्याजावर! दोन तास. “उद्या कोणीही उठून हप्ता थांबवा म्हणेल, गट कसा चालेल?” हेही खरंच आहे, दुसऱ्याचा पैसा आहे तो. शेवटी असं ठरलं की तीन महिन्यांचं व्याज सगळ्यांनी वाटून भरायचं. एकीला किती आलं? चौदा रुपये. चौदा रुपयांसाठी दोन तास! पण मला ते भांडण आवडलं. त्यात सगळ्यांनी आपापलं खरं मत सांगितलं, “बाकीच्या काय म्हणतील” असं कोणी म्हटलं नाही.

पुढची संक्रांत आली. या वेळेला यादी मी सगळ्यांसमोर केली, मोठ्यानं वाचत. बारा नावं. वाण म्हणून स्टीलचे डबे आणले. ती आली, उशिरा आली, पोरीला सोबत घेऊन. दारातच मी हातात करंडा घेऊन विचारलं, “लावू का?” ती क्षणभर थांबली. म्हणाली, “हळद लाव. कुंकू राहू दे आज.” मी हळद लावली. त्या काकू कोपऱ्यात बसलेल्या होत्या, नव्या सुनेला जवळ ओढून. तिनं जाऊन तिळगूळ पुढं केला. काकूंनी घेतला. सुनेला घेऊ दिला नाही. ते तिनं पाहिलं, मीही पाहिलं. त्यावर ती काही बोलली नाही आणि उठूनही गेली नाही. पोरीला म्हणाली, “बस इथं.”

वाण दिलं तेव्हा तिनं डबा उलटून-पालटून पाहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “गाळणी नाही ना?” आम्ही दोघीही हसलो, आणि हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पदराची गाठ सोडून बचतीचे शंभर रुपये काढले. दहा तारीख उलटून गेली होती, या वेळेला राहून गेले होते. मी वही आणायला उठले.